डावऱ्या हाताची वाकळ

आमच्या घरातली जुनी वाकळ कुणी शिवली, ते वडिलांना ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडं सात पिढ्यांची वंशावळ होती, पण तिच्यात एकही बाई नव्हती. असली वंशावळ काय कामाची? मी वाकळ काखेत मारली आणि शहागंजात वाकळा शिवणाऱ्या एका म्हातारीकडं गेले.

तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं. "सगळा दोरा उलटा फिरलाय. बाई डावरी व्हती."

तशीच गंगापूरची एसटी धरली. तिथं वडिलांची थोरली बहीण राहते. ऐकताच आत्या म्हणाली, "म्हंजी आमची आजी! डाव्या हातानं वाढते म्हणून तिला पंगतीत वाढू देत नव्हते. पोलीस ॲक्शननंतर तुझा बाप जन्मला. त्याच्या बारशाला समदं घर पंगतीत, अन् ती मागं बसून त्याच्यासाठी हीच वाकळ शिवत व्हती."

लहानपणी मी डाव्या हातात पेन्सिल धरली, की वडील पट्टी मारून विचारायचे, "ही खोड आपल्या घरात आली कुठून?"

घरी आल्या आल्या मी ती वाकळ डाव्या हातानं त्यांच्या अंगावर पांघरली आणि म्हटलं, "इथून."