व्याह्यांसाठी नेलेला कप

भावी व्याह्यांच्या अंगावर पहिल्याच भेटीत गरम कॉफी उडवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत माझं आधीपासूनच होतं. जे घडलं ते मत असूनही घडलं.

सगळ्याची सुरुवात गटारात झाली. आम्ही भोपाळला सोनागिरीत राहतो. रिटायर झाल्यापासून मला रोज सकाळी फिरून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉफी घ्यायची सवय लागली होती. ते लोक कागदी कपावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे. 'अरविंद जी', आणि शेजारी एक हसरा चेहरा. घरापर्यंत येता येता कॉफी संपायची आणि कप मी गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचो. (मागच्या बाजूनं गटारात उघडणारा डबा असू शकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.)

पावसाळ्यात एक दिवस ते गटार तुंबलं. पाणी चढलं ते थेट आमच्या शेजारच्या चौरसियाजींच्या ओट्यावर. सगळी गल्ली गोळा झाली. चौरसियाजी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बांबूनं गाळ ढवळत होते आणि गाळातून एकेक कागदी कप वर येत होता.

"अरविंद जी," त्यांनी पहिला कप मोठ्यानं वाचला.

सगळे हसले. मीही हसलो.

"ये भी अरविंद जी."

आता मी एकटाच हसत होतो.

"अरविंद जी... अरविंद जी... इसका नाम मिट गया है, पर मुस्कुरा रहा है, तो आप ही होंगे!"

शेवटी शेवटी तर लोक नाव वाचायच्या भानगडीत न पडता कप आणून सरळ माझ्या पायाशी ठेवायला लागले. देवळात नारळ ठेवावेत तसे! त्याच दिवशी मी शपथ घेतली, की यापुढे कागदी कप तोंडाला लावणार नाही. आणि संध्याकाळी बाजारात जाऊन दुहेरी भिंतीचा, फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा कप घेऊन आलो. उलटा धरला तरी थेंब सांडत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. ते शब्दशः खरं निघालं. सुलटा धरला तरी सांडत नव्हता. पण ते पुढे.

इथे माझी एक खोड सांगायला हवी. मला अस्वस्थ वाटायला लागलं की मी झाकणं घट्ट करतो. समोर जे असेल ते. लोणच्याची बरणी, तेलाचा डबा, खोकल्याचं औषध. आणि त्या दिवसांत मी भयंकर अस्वस्थ होतो, कारण आमच्या पल्लवीनं लग्न ठरवलं होतं. मुलगा निनाद मुळे, तिच्याच कॉलेजातला. स्वभावानं चांगला, आपला मराठी, मूळचा इंदूरचा. आईवडील इथेच अशोका गार्डनला, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. सगळं ठीक होतं. फक्त त्याला नोकरी हैदराबादला लागली होती आणि लग्नानंतर आमची एकुलती एक मुलगी तिकडे जाणार होती. त्याबद्दल मी कुणाला एक अक्षर बोललो नाही. बरण्या मात्र उघडेनात.

"अहो, तुम्ही काय लावलंय हे?" सुनंदा, माझी बायको, एकदा लाटणं घेऊनच बाहेर आली. "गुळाचा डबा उघडायला मी काय आता चौरसियाजींना हाक मारू?"

दोन्ही घरांची पहिली भेट कुठे व्हावी, यावर पल्लवीनं निकाल दिला, की कुणाच्याही घरी नको, इंद्रपुरीतल्या एका कॅफेत भेटू. मोकळं वातावरण असतं. भेटीच्या आदल्या दिवशी तिनं मला समोर बसवलं.

"बाबा, उद्या तो कप आणायचा नाही."

"नाही आणणार."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

आता तिनं 'तो कप' म्हटलं होतं. एकवचनात. म्हणून मी त्या कपाबरोबर घरातले स्टीलचे पेलेही घेतले, सगळे माझ्या मोठ्या रुमालात गुंडाळले आणि स्कूटरच्या डिक्कीत ठेवून दिले. शपथ ती शपथ! आणि सगळ्यांसाठी भांडी नेली तर त्याला 'तो कप नेला' असं म्हणता येत नाही, असा माझा विचार होता. (हा विचार पुढे घरात कुणालाच पटला नाही.)

अस्वस्थ माणूस कुठेही वेळेआधी पोचतो. सुनंदा आणि पल्लवी रिक्षानं येत होत्या तोवर मी कॅफेत काउंटरपाशी उभा होतो. तिथल्या मुलीमागे कागदी कपांची थप्पी छतापर्यंत गेलेली. मी तिच्यासमोर पेले मांडले.

"बेटा, सबकी कॉफी इसमें देना. कागज का कप नहीं चाहिए."

"वाह अंकल! बहुत अच्छा!" ती म्हणाली. मला इतकं बरं वाटलं! मग तिनं एक कागदी कप घेतला, त्यात कॉफी भरली, ती पेल्यात ओतली आणि कप टोपलीत फेकला.

"अरे! ये क्या किया?"

"अंकल, नाप तो इसी से होता है ना."

"मग तोच कप परत वापर ना! म्हणजे, वही वापस लो!"

"यूज़ किया हुआ कैसे लूँ अंकल? ग्राहक नाराज़ होते हैं."

"ग्राहक मैं हूँ!"

"आप नाराज़ हो ही रहे हो," ती म्हणाली आणि दुसरा कप काढला.

तेवढ्यात पेल्यातली कॉफी गार झाली म्हणून तिनं ती ओतून दिली आणि नव्यानं करायला घेतली. पुन्हा नवे कप! एकही कागदी कप वाया जाऊ नये म्हणून आलेल्या माझ्यासाठी त्या दुपारी टोपली भरून वाहायला लागली. आणि मी ती थांबवायला काउंटरवर अर्धा ओणवा झालेलो असतानाच मागून आवाज आला, "हे माझे बाबा."

वळून पाहिलं तर सगळेच आलेले. निनाद, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले मुळेसाहेब, आणि मोतिया रंगाची महेश्वरी साडी नेसलेल्या मुळेवहिनी. पल्लवीची नजर पेल्यांवर होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

सगळे बसले. मुळेवहिनींनी पेला उचलला आणि "हाय हाय!" करून खाली ठेवला. स्टीलचा पेला, कान नाही, आत उकळती कॉफी. त्यांनी बोटं कानाच्या पाळीला लावली.

"घरून भांडी आणलीत का हो तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"कचरा कमी होतो," मी म्हणालो. माझ्यामागे टोपली ओसंडत होती.

मुळेसाहेब पाहुणे, मुलाचे वडील. त्यांना मी माझा खास झाकणवाला कप दिला होता. बाहेरून अजिबात चटका बसत नाही! फक्त मघाशी काउंटरवरच्या गडबडीत मी त्याचं झाकण लावलं होतं. आणि त्या वेळी मी अस्वस्थ होतो.

मुळेसाहेबांनी झाकण फिरवलं. नंतर शर्टाची बाही वर करून फिरवलं. मग हसून कप माझ्याकडे दिला. मी जोर लावला. निनादनं लावला. सुनंदानं पदरात धरून लावला. बोलणं पार थांबलं होतं. शेजारच्या टेबलावरून एक जण म्हणाला, "भाईसाहब, ज़मीन पर ठोकिए." दुसरा म्हणाला, "नहीं नहीं, गरम पानी में डालिए." (आत काय बर्फ होता?)

"आटे चुकलेत," मुळेसाहेब कप डोळ्यांजवळ धरून म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. तोवर ते नुसते मुलाचे वडील होते. आता हार्डवेअरवाले झाले. "वाकडं चढवून वरून दाबलंय कुणीतरी. पण काय ताकद आहे हो त्या माणसाची! थांबा, गाडीत पाना आहे."

"अहो, पाना कशाला? आपण मुलांचं बोलायला आलोय ना!" मुळेवहिनी म्हणाल्या.

पण ते गेलेसुद्धा. आले ते पाइप पाना घेऊन. मी कपाचं बूड पोटाशी धरलं, त्यांनी झाकणाला पाना लावला, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं फिरायला लागलो.

"तर पाठकसाहेब," मुळेसाहेब दात आवळून म्हणाले, "तुमची काही अट, काही अपेक्षा? मोकळं बोला."

आणि त्या ओढाताणीत, कप पोटाशी कवटाळलेला असताना, माझ्या तोंडून निघून गेलं, "फार लांब आहे हो हैदराबाद!"

पल्लवीनं मान वर केली. सुनंदानंही. इतके दिवस जे कुणाला बोललो नव्हतो ते अख्ख्या कॅफेला ऐकू गेलं होतं. "बाबा..." पल्लवी म्हणाली. मुळेसाहेबांचे हात क्षणभर ढिले पडले आणि मी माझा जोर सोडला नव्हता.

फाट्!

झाकण दिव्यापर्यंत गेलं. कॉफी एवढ्या लांब गेली नाही. ती मुळेसाहेबांच्या शर्टावर पसरली आणि उरलेली महेश्वरी साडीच्या पदरावर. काउंटरवरची मुलगी कागदी रुमालांचा गठ्ठा घेऊन धावत आली.

"कागद नको!" मी ओरडलो. "माझ्याकडे कापडाचा आहे!" आणि पेले गुंडाळून आणलेल्या रुमालानं मी मुळेवहिनींचा पदर पुसला. डिक्कीत त्या रुमालाशेजारी ऑइलचा डबा होता. त्याचं झाकण बहुधा घरातलं एकमेव सैल झाकण असावं. मोतिया पदरावर एक काळा पट्टा उमटला. मी तो पुसायला गेलो, तर दोन झाले.

"बाबा, हात बाजूला घ्या!" पल्लवी म्हणाली.

मुळेवहिनी उभ्या राहिल्या. "निनाद, चल."

मुलगी दूर जाऊ नये असं मला वाटत होतं, हे खरं. पण अशा रीतीनं नव्हे!

"थांब गं," मुळेसाहेब म्हणाले. शर्टावरून कॉफी निथळत होती आणि ते कपात डोकावून बघत होते. "उरलीय थोडी." घोट घेऊन ते अस्सल इंदुरी सुरात म्हणाले, "अरे भिया! अजून चटका बसतोय! पाठकसाहेब, कुठून घेतलात हा? दुकानात ठेवायला पाहिजे!" आणि ते आरामात खुर्चीत बसले. नवरा उठेचना म्हटल्यावर वहिनींनाही बसावं लागलं. बसल्या त्या माझ्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर.

बऱ्याच वेळानं त्यांनी पल्लवीला विचारलं, "घरीही असंच असतं का गं?"

"रोज," पल्लवी म्हणाली.

"मग हैदराबाद बरं," वहिनी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "आणि तुम्ही हो, लांब लांब काय करता? गाडी आहे की इथून. दिवाळीला पोरगी घरीच असेल. पण माझी अट ऐका. लग्नात कागदी कप नकोत म्हणाल तर माझी हरकत नाही. हवे तेवढे चिनी मातीचे कप आणा. पण ते धुवायची जबाबदारी मुलीच्या बापाची."

मी आनंदानं हो म्हटलं. (सुनंदानं टेबलाखाली पाय दाबला होता, पण तेव्हा उशीर झाला होता.)

लग्न थाटात झालं. एकही कागदी कप दिसला नाही. भांडी धुणारी माणसं ऐन वेळी आली नाहीत, एवढंच. पाठवणीच्या वेळी मला मांडवामागून हाताला धरून ओढत आणलं. बाह्या वर, गळ्यात ओलं फडकं, कोपरापर्यंत फेस, हातात घासणी. पल्लवी माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडलो, आणि फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला.

तो मोठा करून मुळ्यांच्या हॉलमध्ये लावलाय. इंदूरहून येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच्यासमोर उभा राहतो, थोडा वेळ बघतो आणि मग हळूच विचारतो, "सूनबाई केटररच्या माणसाच्या गळ्यात पडून का रडतेय हो?"