तांदळावरचं नाव

माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून आमच्या ह्यांनी त्यावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. तेव्हा मला वाटलं, चला, जुनं नाव संपलं. आडनावासकट संपलं. पुढं ते घरात एकदाच आलं. माहेरच्या एका मैत्रिणीनं कुठून तरी नंबर मिळवून फोन केला, जुन्या नावानं मला विचारलं, आणि ह्यांनी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. त्यावर आम्ही कितीतरी दिवस हसलो. आता हसू येत नाही. काहून, ते सांगते.

लेक आमची यवतमाळला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढं शिकायला जर्मनीत प्रवेश मिळाला. कळंबला चिंतामणीच्या पाया पडून आलो. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली एकुलती एक पोर, तेव्हा तिला इतक्या लांब धाडायची भीती होतीच. पण ती पोरीला दाखवायची नाही, एवढं मी ठरवलं होतं. म्हणून कागदाच्या कामाला मीच तिच्यासोबत हिंडत होते.

व्हिसाचे कागद तपासणाऱ्या बाईंनी जन्मदाखल्यावर बोट ठेवलं. "आईच्या जागी हे नाव आहे. या कोण?"

"मी."

"आणि हिच्या पासपोर्टवर आहे ते?"

"तेही मीच."

बाई चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिल्या. लेक पुटपुटली, "आई, मले दोन आया हायेत, हे तू आतापर्यंत सांगतलं नाईस."

तिला गंमत वाटली. बाई मात्र म्हणाल्या, "मुलाखतीच्या आत हे निस्तरा. फाइल परत आली तर या वर्षीचा प्रवेश गेला."

पोरीनं तीन वर्षं जर्मन घोकलं, आणि आडवी कोण आली, तर आईचं नाव! त्यातच मनात एक चोरटा विचार येऊन गेला, की अडलं तर अडलं, राहील इथंच. त्या विचाराची मला फाइलीपेक्षा जास्त भीती वाटली. माझ्याच मनानं तर घाट घातला नसेल?

चूक कशी झाली, ते लगेच ध्यानात आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पोर दारव्ह्याची. जन्माची नोंद करायला माझे बाबा, म्हणजे लेकीचे आबा, गेले. ते तहसीलात बाबू होते, कागदात काना-मात्रा चुकू द्यायचे नाहीत. पण माझं नवं नाव त्यांच्या तोंडून कधीच निघालं नाही. आईचं नाव विचारलं असेल, आणि त्यांनी स्वतः ठेवलेलं सांगून दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला गेलो. नगरपरिषदेतल्या बाबूनं जुनं रजिस्टर उघडलं. माहिती देणाऱ्याची सही बाबांचीच, वळणदार. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी त्या सहीवर हात ठेवला, तर बाबू म्हणाला, "बाई, पान जुनं हाय, फाटन."

"हे दुरुस्त होते का?"

"होते, पण टाइम लागन. तोवर दोन्ही नावाची बाई एकच, असं अ‍ॅफिडेव्हिट करून घ्या."

नोटरीकडे गेलो. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, दोन्ही नावानं सह्या करा."

नवी सही झाली. जुनीसाठी पेन टेकवला आणि हात थबकला. पहिलं अक्षर कसं काढायची, तेच आठवेना. चुकलं तर? जुळली नाही तर? लेक कानाशी म्हणाली, "आई, करून टाक वं, तुयंच नाव हाय ते." शेवटी बाबांच्या सहीचं वळण आठवलं, तसं आडनाव उतरलं, आणि त्याच्यामागून नावही.

व्हिसा येईस्तोवर दारात कुरिअरवाला आला की मी हातातलं काम टाकून धावायचे. एका सकाळी पासपोर्ट आला, व्हिसा लागलेला. लेक नाचली. मी देवापुढं साखर ठेवली.

वाटलं, भीती सरली. परवा जवसाची चटणी कुटत होते, तर लेक तिकडच्या होस्टेलचा फॉर्म भरत बसली होती. "आई, काई झालं तर कोणाले कळवायचं, असं विचारून राह्यले. तुयं कोणतं नाव लिहू?"

काही झालं तर. माझ्या हातातला बत्ता तसाच राहिला.

"दोन्ही लिही," मी म्हटलं. मग बाहेर ओट्यावर जाऊन ह्यांना सांगितलं, "अहो, माह्या जुन्या नावानं कोणाचाही फोन आला तर राँग नंबर म्हणू नका."

"कोणाचा येणार हाय आता?"

"म्हणू नका, बस."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला पेपर मिटून ठेवला. "नाई म्हणत," म्हणाले.

मी पुन्हा चटणीला बसले. जरा वेळानं लेक दारात येऊन उभी राहिली. "आई, किती वेळची आवाज देऊन राह्यली!"

"कवा? मले तर आई म्हणून ऐकू नाई आलं."

"आई नाई म्हटलं. आबांनी ठेवलेल्या नावानं बोलावलं. तीनदा."

मला एकदाही ऐकू आलं नव्हतं.

"जा," मी म्हटलं, "आतून पुन्हा आवाज दे."