आबांच्या खांद्यावरची निळी पिशवी

वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा आबा रस्त्याच्या कामावरून तसेच आले होते. मुकादमाकडून तासाभराची सुट्टी, पायाच्या नखांत डांबर. माझी पत्र्याची पेटी त्यांनी स्वतः शिडीवर चढून टपावर ठेवली आणि दोरी दोनदा ओढून पाहिली. माय खिडकीखालून ओरडत होती, "जल्दी आत जा, जागा धर, बोलायचं ते मंग बोल." मी जागा धरली. बोलायचं राहून गेलं. गाडी हलली तेव्हा आबा खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि एवढंच म्हणाले, "सुमन, उपाशी राह्य, पन कुनाची उतरन अंगाला लावू नको."

तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. जे माझ्यासारखे निघाले त्यांच्याही घरात ते कधी ना कधी बोललं गेलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. उतरन म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं कापड. आमच्या आजे-पणज्यांना गावानं नवं कापड कधी दिलं नाही. दिली ती उतरन, आणि मढ्यावरचं कापड. आबा आठ-नऊ वर्षांचे असताना, त्यांची आई ज्या घरचं अंगण झाडायची त्या घरच्या पोराचा जुना कोट त्यांना मिळाला होता. थंडीचे दिवस. आबा तो घालून चावडीपुढून निघाले, तर त्या पोरानं चारचौघांत बोट दाखवलं, "माझा कोट हाये तो. काढ." आबांनी काढला. पोरानं तो उचललासुद्धा नाही. त्याला कोट नको होता, फक्त कोट कुणाचा हे सांगायचं होतं.

छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. आबा म्हणायचे, "देव सोडताना मला काई वाटलं न्हाई. उतरन सोडली तवा अंग हलकं झालं." त्यानंतर आमच्या घरात एक वेळ भाकरी नसेल, पण अंगावरचं धडुतं आपलं. माय गोधडी शिवायची तीसुद्धा फक्त आमच्याच जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची. कुणी दारात चिंध्यांचं गाठोडं आणून दिलं तर ती गोड बोलून परत पाठवायची.

मी शाळेच्या पुस्तकाआधी चळवळीची पत्रकं वाचायला शिकले. जालन्याहून, औरंगाबादहून कुणी ना कुणी ती आणायचं. गुलाबी, पिवळा, स्वस्त कागद, शाई बोटांना लागायची. आबांना अक्षर येत नव्हतं. वस्तीतल्या लिंबाखाली मी उभी राहायची आणि 'बंधू-भगिनींनो'पासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत सगळं मोठ्यानं वाचायची. तो आवाज माझ्या गळ्यात कायमचा बसला. पुण्यात मी जिच्याकडे राहते ती मावशी म्हणते, ही पोरगी मीठ मागते तेही मागणीपत्र वाचल्यासारखं.

गाव सोडलं ते हौसेनं नाही. मॅट्रिक झाल्यावर अंबडच्या शिवणवर्गात मी मशीन शिकले. माझ्या शिलाईला तिथे तोड नव्हती, हे मी नाही, शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या. पण गावात परत आल्यावर माझ्याकडे शिवायला कापड येईना. वरच्या आळीतल्या बायका फाट्यावर भेटल्या की हसून बोलायच्या, पोलक्याची मात्र गोष्ट काढायच्या नाहीत. कारण मला उशिरा कळलं. पोलकं शिवायचं तर माप घ्यावं लागतं आणि माप घ्यायचं तर अंगाला हात लावावा लागतो. माझ्या सुईदोऱ्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. माझ्या बोटांबद्दल होती. कायद्यानं विहीर खुली झाली होती, खांद्यापासून कोपरापर्यंतचं माप कुठला कायदा खुलं करणार? मावशीनं बोलावलं आणि मी निघाले. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं.

पुण्यात कॅम्पातल्या एका बोळात रोझीबाईंचं कारखानावजा दुकान होतं. पाच मशीनी, पाच बायका. पहिल्या दिवशी रोझीबाईंनी माझ्यापुढे निळ्या पँटींचा ढीग टाकला. जाड, खरबरीत, धुवून पांढुरक्या झालेल्या. याला जीन म्हणतात, त्या म्हणाल्या. तेव्हा पुण्यात परदेशी तरुण पोरापोरींचे थवे यायचे. इथे आले की ते पँटी टाकून लुंग्या, झगे घालायचे, किंवा परत जाताना पिशवी हलकी करायला जुने कपडे विकून टाकायचे. रोझीबाई ते घ्यायच्या, उकळून धुवायच्या आणि आम्ही त्यांचं दुसरं काहीतरी करायचो. खांद्याच्या पिशव्या, बंड्या, टोप्या. दोन्ही पाय आतून उसवून मधे तिकोनी तुकडा जोडला की बायकांचा घागरा.

पहिल्या दिवशी मी त्या ढिगाला हात लावला नाही. आज बोट दुखतंय म्हणून मी काजं करून दिली. दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी. तिसऱ्या दिवशी रोझीबाई म्हणाल्या, "सुमन, तुझ्या बोटाला काय झालं ते मला माहीत नाही, पण मशीन चार बायकांनी मागून ठेवली आहे." मी ब्लेड उचललं.

आणि खरं सांगते, कामानं मला धरलं. त्या कापडाची शिलाई दुहेरी, नारिंगी दोऱ्याची. ती उसवताना करकर आवाज येतो. खिशांच्या कोपऱ्यात तांब्याचे बारीक खिळे ठोकलेले असतात, ते राहिले तर अठरा नंबरची जाड सुईसुद्धा तुटते. गुडघ्याचं कापड विरलेलं असतं, ते सोडून द्यायचं. कमरेचा पट्टा तसाच काढला की पिशवीचा बंद होतो आणि तो जन्मात तुटत नाही. मागचा खिसा काढला की खाली खिशाच्या आकाराचा गडद निळा तुकडा निघतो, पहिल्या दिवसासारखा. सगळी पँट उन्हानं, पाण्यानं, माणसानं झिजलेली आणि खिशाखाली मूळ रंग कुणी न पाहिलेला. मी माझ्या प्रत्येक पिशवीत तो तुकडा समोर घ्यायची.

गिऱ्हाईक यायचं ते मोठ्या घरचं. कॉलेजच्या पोरी मोटारीतून उतरून विचारायच्या, अजून जुनं दिसणारं नाही का? मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी पत्रक लिहायची. ज्यांच्या आजोबांना कुणी कधी उतरन दिली नाही, त्यांनाच जुनं घालायची हौस परवडते! गावात माझी बोटं चालत नव्हती, इथे मी कुणाकुणाच्या अंगावरच्या पँटी दिवसभर हाताळत होते आणि शिवलेलं कुणाच्याही खांद्यावर चालत होतं. इथे मी कोण हे कुणी विचारत नव्हतं. पहिले काही महिने मला ती सुटका वाटली. मग कळलं, कुणी विचारत नाही याचा अर्थ कुणाला जाणूनही घ्यायचं नाही. आमच्या वस्तीत मी नुसती खोकले तरी तीन घरांतून विचारणा व्हायची. पुण्यात मी तापानं फणफणत मशीन चालवली आणि शेजारच्या मशीनवरची बाई फक्त बॉबिन मागत राहिली.

घरी मी लिहायची, शिवणकाम करते. हे खोटं नव्हतं. दुसऱ्या कुणी असं लिहिलं असतं तर मी त्याला अर्धसत्य म्हणून झोडपलं असतं.

मग मला आबांसाठी काहीतरी शिवावंसं वाटलं. वस्तीचे सगळे कागद त्यांच्याकडे असायचे. अर्ज, पत्रकं, वर्गणीची वही, सगळं फडक्यात गुंडाळून काखेत. मी ढिगातून सगळ्यात चांगली पँट निवडली आणि पिशवी शिवली. आत दोन कप्पे, वर झाकण, पाऊस आत जाणार नाही असं. आमच्या वस्तीतले किसनमामा लेकीकडे पुण्याला आले होते, त्यांच्याबरोबर ती पाठवली. चिठ्ठीत लिहिलं, मी स्वतः शिवली आहे. कापड कसलं ते लिहिलं नाही. आठवण राहिली नाही असं नाही. लिहिलं असतं तर आबांनी घेतली नसती, म्हणून लिहिलं नाही.

आठ महिन्यांनी मी घरी गेले तेव्हा ती पिशवी आबांच्या खांद्यावर होती. माय म्हणाली, "झोपताना तेवढी काढत्यात. जालन्याला मस्तगडावर बाजाराला गेल्ते, तर तिथं बी दुकानदाराला दाखवून आले, पोरीनं शिवली म्हून." आबा लाजले आणि म्हणाले, "निळी हाये. आपला रंग." मी पेटी उचलून आत गेले.

दुपारी अंगणात चार-पाच माणसं जमली होती. शाळेच्या वाढीव खोलीसाठी अर्ज करायचा होता. आबांनी ऐटीत पिशवीचं झाकण उघडून कागद काढले. किसनमामांनी पिशवी हातात घेऊन पिळून पाहिली.

"काय कापड हाय गं सुमन? पावसात भिजलं, काट्यात अडकलं, पन धागा निघना. मला बी दोन वार आन की पुढल्या बारीला. खर्चा देतो."

मिलचं आहे, असं म्हणता आलं असतं. कुणी पुढे विचारलं नसतं. आबा माझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि तेच मला सहन होईना. ज्या माणसानं मला लिंबाखाली खरं बोलायला उभं केलं, त्याच्या अंगणात मी खोटं कशी बोलू?

"वारानं मिळत नाही, मामा. जुन्या पँटी उसवून त्याची शिवते मी."

आबांनी विचारलं, "कुनाच्या पँटी?"

"परदेशी लोकांच्या. त्यांनी टाकलेल्या."

किसनमामांना हसू आवरेना. "म्हंजे आबा, आठ म्हैने तुमी साहेबाची मांडी खांद्यावर घिऊन हिंडून राह्यला म्हना की!" सगळे हसले. मायसुद्धा पदराआड हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी पिशवी मामांकडून घेतली, आतल्या दोन्ही कप्प्यांतले उरलेले कागद एकेक करून काढले, मांडीवर सारखे केले आणि रिकामी पिशवी माझ्या हातात दिली.

"तुला ठाव व्हतं?"

"हो."

"मला ठाव व्हतं का?"

मी बोलायला लागले. श्रमानं वस्तू नवी होते, आबा. शिवणाऱ्याचा हात हाच तिचा मालक. तो साहेब सात समुद्रापलीकडे गेला, तो थोडाच चावडीपुढे उभा राहून बोट दाखवणार आहे? मी बराच वेळ बोलले आणि चांगलं बोलले. आबांनी ऐकून घेतलं.

"पत्रकातलं बोलू नको माझ्यासंगं. पत्रकं म्या बी ऐकल्यात, तूच वाचून दाखवल्यात. तुझं काम वाईट हाये असं म्या बोललो का? बिलकुल न्हाई. पन घ्यायचं का न घ्यायचं, ते म्या ठरवायचं. त्या कोटाच्या वक्ती मला कुनी इचारलं न्हवतं. तू बी इचारलं न्हाईस."

पत्रकात दुसऱ्यांच्या अन्यायाची यादी असते. आपण प्रेमानं केलेला अन्याय कुठल्या रकान्यात लिहायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी परत निघाले. आबा कामावर गेले होते, फाट्यावर मायच आली. गाडीत मी ती पिशवी खांद्याला लावली. माझ्या खांद्यावर ती चालते, कारण कापड कुठलं ते जाणून मी ती घेतली आहे. एवढा फरक कळायला मला औरंगाबादपर्यंतचा रस्ता लागला.

त्यानंतर वर्ष गेलं. काम मी सोडलेलं नाही, आणि सोडणारही नाही. पण आता घरी लिहिते ते सगळं लिहिते. किती पँटी उसवल्या, कुठे सुई तुटली, कुठली पोरगी काय म्हणाली, मला ताप आला तेव्हा रडू कसं आलं. पत्र किसनमामांची सून वाचून दाखवते. उत्तरं मायची यायची. पाऊस, शेळी, कुणाची सोयरीक. आबांचं त्यात काही नसायचं. मी पत्राची मागची बाजूसुद्धा उलटून बघायची. वडीगोद्रीच्या दिशेचं काहीही, स्टँडवरची पाटी, कुणाच्या तोंडून निघालेलं "करून राह्यलो", ऐकलं-पाहिलं की मशीनवरचं माझं पायदान थांबायचं.

परवा पत्र आलं. सुनेच्या अक्षरात, पण बोलणारा माणूस मी लगेच ओळखला. "काम सोडू नको. तब्येत सांभाळ. बराबर जेवत जा. शाळेची खोली मंजूर झाली, पत्रक काढायचंय, मजकूर तूच लिही. येताना काही आनू नको. तू ये."

पुढच्या आठवड्यात मी जाते आहे, आणि सामान भरताना हात थांबतो आहे. जे माझ्यासारखे निघाले त्यांना विचारते: मोकळ्या हातानं घरी जाऊन पाहिलंत कधी? आपण साडी नेतो, घड्याळ नेतो, बिस्किटांचे पुडे नेतो आणि त्यांच्या आड उभे राहतो, म्हणजे आपण नसताना काय झालं हे कुणी विचारू नये. यावेळी आड काही नसेल. आबा अंगणात बसवून एकेक गोष्ट विचारतील आणि मी एकेक सांगेन. पुण्यात माझ्या हातचं काम सगळे बघतात, मला कुणी विचारत नाही. घर आता माझ्यासाठी एवढंच उरलं आहे आणि एवढं पुष्कळ आहे: जिथे मी काय आणलं ते कुणी बघणार नाही आणि मी काय लपवलं ते कुणी सोडणार नाही.