बाबांची आंघोळ

आमच्या घरी बाथरूम एकच होती आणि ती बायकांची होती. तसा नियम कोणी केलेला नव्हता. बाबा अंगणातल्या बोअरपाशी आंघोळ करत. पट्ट्याची चड्डी घालून, उन्हात, दगडावर बसून. डोक्यावर पाणी ओतायचं, पाठ घासायची आणि हे चालू असताना रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचं. कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी साचलं, कोणाची म्हैस व्याली, सगळ्या बातम्या त्यांना तिथेच कळत. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं आमच्या गावावरून घिरट्या घालतात. एखादं खाली आलं की बाबा साबणाच्या फेसातून वर बघून म्हणत, "पाहून घे बाबू, आंघोळ करून राहिलो." ओट्यावरून आई म्हणायची, "तो काही पाहत नाही तुमाले. आटपा."

आता मी नागपूरला राहते. इथल्या खोलीच्या बाथरूममध्ये कोपर भिंतीला लागतं. नळ सोडला की ते अंगण आठवतं, आणि मग तो हिवाळा, ज्यात बाबांनी अंगणात आंघोळ करणं सोडलं. मी तेव्हा शिक्षण संपवून घरीच होते. धान घरात आलं होतं.

मला आधी वास लागला. जखम धुवायच्या औषधाचा, दवाखान्यासारखा. बाबा रस्त्याकडे पाठ करून बसायला लागले होते. मगभर पाण्यात ते औषध टाकायचे आणि घाईने चड्डीच्या आत ओतायचे. एकदा माझं लक्ष गेलं आणि त्यांना ते कळलं. मी तुळशीकडे बघायला लागले, ते पाय घासायला लागले.

काही दिवसांनी लाखोळीची पालेभाजी निवडताना आई म्हणाली, "तुझे बाबा पाणी पिऊन नाही राहिले."

"काऊन?"

"पाणी पेलं का लघवीले जा लागते. लघवीले गेलं का जळते."

तिने निवडलेली भाजी टोपलीत टाकली. मग मान वर न करता म्हणाली, "समोरची चामडी मांगं होत नाही म्हणते. आखडली. चिरा पडल्या. चड्डीवर रक्त दिसलं म्हून मी इचारलं, नाही तं सांगतच नव्हते. तू फोनमध्ये पाहा ना."

मी गोंदियाच्या इंग्रजी शाळेत शिकले. प्रजननाचा धडा आला तेव्हा मॅडमनी घरी वाचायला सांगितला होता. इंग्रजीत तो शब्द मला ठाऊक होता, आणि इंग्रजीत अशा शब्दांचं एक बरं असतं, ते आपल्या घरातल्या कोणाचे वाटत नाहीत. आईने 'समोरची चामडी' म्हटलं आणि ती गोष्ट एकदम बाबांची झाली. मी आईकडे पाठ करून वाचलं. मोठ्या माणसाची, आधी सहज मागे जाणारी कातडी आखडली, तिला चिरा पडल्या, तर रक्तातली साखर तपासायची. साबण आणि जखमेची औषधं लावली तर आग वाढते. जोर लावून मागे ओढायची नाही. मागेच अडकून सुजली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा.

"साखरेचा अन् त्याचा काय संबंध?" आई म्हणाली.

"साखर लघवीतून जाते. तिथं बुरशी धरते."

"लोणच्याले धरते तशी?"

"तशीच."

आईला पटलं. बाबांना पटायला वेळ लागला. चिखलातलं काम, मळ बसला असेल, धुतलं की जाईल, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते जास्तच धूत होते. मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणून तीही लावत होते. पण खरी गोष्ट भीतीची होती. गावातल्या एका म्हाताऱ्याची लघवी अडली होती. तो नळी आणि पिशवी घेऊन घरी आला, तेव्हा बाबा त्याला भेटून आले होते आणि त्या दिवशी जेवले नव्हते.

एका सकाळी ते गोठ्यामागे खूप वेळ उभे राहिले. परत आले ते भिंतीला धरून. "थेंब थेंब होऊन राहिली," ते आईला म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले, म्हणजे मलाही सांगितलं. मी स्कूटीची किल्ली घेतली.

गोंदियापर्यंत मी खड्डे चुकवत स्कूटी हळू चालवली. मागचं कडं धरून ते बसले होते.

डॉक्टर हिंदीत बोलणारे. "क्या तकलीफ है?"

"पेट में थोडा," बाबा म्हणाले आणि बेंबीवर हात ठेवला.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जेवणाची चौकशी केली आणि गॅसच्या गोळ्या लिहायला घेतल्या. बाबा बुटांकडे बघत होते. ती चिठ्ठी पुरी झाली असती तर आम्ही गोळ्या घेऊन घरी आलो असतो, आणि पुढे काय झालं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून इंग्रजीत एका वाक्यात सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचा पेन थांबला.

"बेटा, आप बाहर बैठो."

मी उठले. बाबा म्हणाले, "राहू द्या तिले. मले नाही समजलं तं ती सांगन."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. पडद्याआडून आवाज येत होते.

"रोज पीछे करके धोते हो?"

"कुठं धोऊ साहेब? बोअरवर आंघोळ करतो. सारं गाव राहते तिथं."

"मतलब चड्डी पहनके?"

"मंग का नंगा होऊन करू?"

डॉक्टर हसले. मग बाबांचंही हसणं ऐकू आलं, कितीतरी दिवसांनी.

बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ती बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी साखर कमी करायच्या गोळ्या दिल्या, ट्यूब बदलून दिली. रोज कोमट साध्या पाण्याने धुवायचं, दुसरं काही नाही. "जितनी आराम से पीछे जाए उतनी ही. जबरदस्ती नहीं. सुखाओ, दवाई लगाओ, और वापस आगे लाना, भूलना मत." तरीही कातडी सुटली नाही तर छोटं ऑपरेशन. ऑपरेशन म्हटल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, घाबरू नका अशी.

बाहेर टपरीवर बाबांनी बिनसाखरेचा चहा मागितला आणि म्हणाले, "पुरं सांग बरं परत." मी कप हातात धरून, रस्त्यावरच्या ऑटोंकडे बघत सांगितलं. युरिया किती आणि कधी टाकायचा हे ऐकावं तसं ते ऐकत होते. मध्ये एकदा विचारलं, "वाळवाचं या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं का?" मी म्हटलं, "मऊ कपड्यानं. घासायचं नाही."

आता प्रश्न जागेचा होता. आईने बाथरूममधल्या दोरीवरचे आमचे कपडे काढले. कडी सैल होती, ती बाबांनी स्वतः बदलली. पहिल्या दिवशी टॉवेल खांद्यावर घेऊन ते पाहुण्यासारखे दारात उभे राहिले.

"दिसते का आत?" आईने बाहेरून विचारलं.

"चष्मा लागन मले."

"मंग घाला चष्मा. तिथं कोण पाहते तुमाले?"

मी परसात निघून गेले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

रस्त्याने जाणारे शेजारचे काका थांबले. "काऊन वहिनी, बोअर सुना दिसते?"

"थंडी आहे."

"याले कधीपासून थंडी वाजाले लागली?"

"उमर झाली," आई म्हणाली आणि ओटा झाडायला लागली.

बंद दारामागून पाणी हळूहळू ओतल्याचा आवाज यायचा, बाकी काही नाही. गावच्या बातम्या आमच्या घरी उशिरा यायला लागल्या. बाबांची अंगणातली बडबड मला इतकी हवी होती, हे मला तेव्हाच कळलं. पण ते पुन्हा पाणी प्यायला लागले. जेवताना तांब्या स्वतःकडे ओढून घेत.

दाखवायला परत गेलो तेव्हा दारात बाबा म्हणाले, "तू बस इथंच." मी बाकावर बसले. दार पुरतं लागलं नव्हतं.

"अब कैसा है?"

"सरकते आता मांगं. आरामशीर. अन् लघवी, बांध फोडल्यावर पानी जाता ना साहेब, वैसी."

"बढिया. ऑपरेशन नहीं लगेगा. पर शुगर की गोली बंद नहीं करना. और धोना भी नहीं छोडना."

"नाही छोडत. आता आदत पडली."

ते इतक्या मोकळेपणाने बोलत होते की मला कॅलेंडरकडे बघत बोललेलं माझं एकुलतं एक वाक्य आठवलं. आत माझी गरज नव्हती. बरं वाटलं, आणि थोडं चुकल्या-चुकल्यासारखंही.

शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "अंदर कौन है?"

"बाबा."

"क्या हुआ उनको?"

"अभी ठीक हैं," मी म्हटलं, आणि बाबांसाठी बाकावर जागा करून सरकून बसले.