शालूच्या इंटरव्ह्यूला मी गेले नव्हते

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नव्हे. आमच्या मिठबावच्या पट्ट्यात दर माडाखाली कोणी ना कोणी काहीतरी पाहिलेलं असतं. त्याच माडांखालून मी उभा जन्म येजा केली, मला कधी काही दिसलं नाही. एखादीच्या अंगात आलं की मी आधी विचारते, ही सकाळपासून जेवलीय का. या पानावरचे अनुभवसुद्धा मी करमणूक म्हणून वाचते — राग मानू नका. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. तेव्हा बोलते तसंच लिहीन.

शालू माझी धाकटी नणंद. सन साठच्या अलीकडे-पलीकडे ती मुंबईला डॉक्टरी शिकत होती. तिचे दादा, म्हणजे माझे यजमान, ती कॉलेजात असतानाच गेले. श्रावणाचे दिवस, पोटात उजवीकडे कळ आली. तालुक्याच्या डॉक्टरने हात लावून सांगितलं, अपेंडिक्स आहे, आजच कापायला हवं, पण कापणारा इथे कोणी नाही... कोल्हापूरला न्या. पावसाळ्यात मुंबईची स्टीमर बंद असायची. तांदळाच्या ट्रकातून निघालो आणि फोंडा घाट चढताना माझ्या मांडीवर डोकं ठेवून ते गेले. डॉक्टर भला माणूस, त्याने आधीच हात जोडले होते. पण मला हात जोडणारा नको होता, कापणारा हवा होता.

बाराव्याला शालू आली. मी चुलीपुढे बसले होते. म्हणाली, "वैनी, मी सर्जन होतलंय. आणि हयसरच येतलंय." मी म्हटलं, "हो." त्या दिवसांत मी तेवढा एकच शब्द बोलले असेन.

आता हे सर्जन होणं कसं असतं ते सांगते, मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. डॉक्टरीची परीक्षा पास झाली की झालं, असं आम्हाला वाटायचं. तसं नव्हे. पुढे सर्जन व्हायचं तर मोठ्या हॉस्पिटलात सर्जरीची हाऊस पोस्ट मिळवावी लागायची — तिथेच राहायचं, वॉर्ड सांभाळायचा, मोठ्या सर्जनच्या हाताखाली ऑपरेशनला उभं राहायचं. ती केल्याशिवाय पुढच्या परीक्षेला बसता येत नसे. जागा थोड्या, अर्ज पुष्कळ. मार्क बघायचे, मग इंटरव्ह्यू, टेबलामागे मोठे मोठे साहेब. आणि इंटरव्ह्यूच्या आधी ज्याचा त्याचा काका-मामा साहेबांच्या बंगल्यावर जाऊन यायचा. आमचे मामा आंब्याच्या पेट्या भरायचे. ते कुणाच्या बंगल्यावर जाणार? पण शालू सर्जरीत सगळ्या वर्गात पहिली आली होती. तेवढ्यावर आमची भिस्त.

इंटरव्ह्यूचा दिवस कळला तसे माझे सासरे आबा — मी त्यांना मामंजी म्हणायचे — गावातल्या तात्या गावकरांकडे गेले. तात्या गावचे मानकरी. आमच्याकडे काही महत्त्वाचं असलं की रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालतात — मानकरी उभा राहून देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि जमलेले लोक दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. गाऱ्हाणं पुरुषाने घालायचं. बाईने नाही, विधवेने तर नाहीच नाही. मी नारळाची पिशवी घेऊन मामंजींच्या मागे उभी होते.

"चेडवाच्या नोकरेसाठी गाऱ्हाणा?" पोरीसाठी म्हटल्यावर तात्या पान लावता लावता हसले. "लग्नासाठी सांगा आबा, आत्ता घालतंय. माणसां कापूचा काम... देवाक काय सांगू, हिच्या हातात सुरी दी?"

"तसाच सांगा," मामंजी म्हणाले.

"माका नाय जमाचा. देव हसतलो."

मामंजी घरी येऊन ओटीवर बसले. त्यांचं ते नुसतं बसून राहणं मला बघवेना. इंटरव्ह्यूच्या दिवशी दुपारी, नैवेद्याच्या वेळेला, मी नारळ उचलला आणि एकटी देवळात गेले. विहिरीवर पाय धुतले, लुगड्याचा काठ भिजला, तशीच आत शिरले. देवळात भिवा गुरव तेवढा समई घासत बसला होता.

मी उभी राहिले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," भिवा सवयीने म्हणाला. मग मान वर करून बघितलं आणि त्याच्या हातातली समई तशीच राहिली.

"हयसरच्या माणसान घाटात मराचा नाय, म्हणान आमच्या चेडवाक सर्जन व्हायचा आसा रे म्हाराजा."

भिवा बिचारा इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "होय म्हाराजा."

"मार्क तेचे सगळ्यांच्या वर आसत. कोण तेका आडवो इलो तर तेका विचार — तुझो भाव मरान गेलो काय रे, ट्रकात, बायलेच्या मांडयेवर?"

भिवाने समई खाली ठेवली.

देवाशी असं बोलतात का? नाही बोलत. पण मी तेव्हा देवाशी बोलतच नव्हते, मला वाटतं. माझ्यापुढे नुसते कोणीतरी होते, जे कधीच ट्रकात बसले नव्हते. मी नारळ पायरीवर आपटला. दोन भकलं झाली, एक हातात राहिलं... आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. डोक्यावर काहीतरी घरघर घरघर फिरत होतं. गावात तेव्हा वीज नव्हती, पंखा मी पाहिला नव्हता.

"वैनीनू, बसा. बसा आधी." भिवा पुढे उभा होता. मी होते तिथेच, पायरीपाशी. हातातलं भकल मात्र नव्हतं. सगळीकडे शोधलं. भिवा म्हणाला, "कुत्र्यान न्हेला असतला." कुत्रं मला दिसलं नाही.

पुढच्या स्टीमरने शालू देवगडला उतरून घरी आली. पाय धुतले, पाणी प्यायली, मामंजी बाहेर गेलेत हे बघून माझ्याजवळ बसली.

"वैनी, तू थंय कशी इलंस?"

"खंय?"

"इंटरव्ह्यूक."

मी म्हटलं, पोरीला उन्हाची तिरीप लागली. पण तिने सगळं सांगितलं. टेबलामागे साहेब बसलेले, वर पंखा. मुख्य साहेबाने तिचे मार्क बघितले, म्हणाला, "उत्तम आहेत. पण मुलींनी बाळंतपणाच्या विभागात जावं. सर्जरीला ताकद लागते. आणि उद्या तुम्ही लग्न करून निघून जाल, आमची जागा फुकट." शालू उत्तर द्यायला तोंड उघडते तेवढ्यात दार उघडलं आणि मी आत आले. हेच लुगडं, काठ भिजलेला, हातात नारळाचं भकल. साहेबांपुढे उभं राहून मी मालवणीत ओरडले — काय ओरडले ते शालूने मला शब्दन् शब्द सांगितलं. मी तिला देवळातलं काही सांगितलेलं नव्हतं हो.

"आणि वैनी," ती म्हणाली, "दर वाक्यामागसून तू थांबत होतंस. कोणतरी काय बोलतला म्हणान. थंय कोण काय बोलाक नाय."

मग मी भकल टेबलावर आपटलं, पाणी कागदांवर उडालं, आणि मी बाहेर गेले. शिपाई मागून धावला तर व्हरांडा मोकळा. तो दारातच बसला होता, त्याने कोणाला आत जाताना पाहिलंच नव्हतं.

"मग साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

 शालू म्हणाली, साहेबाने रुमालाने टेबल पुसलं आणि विचारलं, या कोण. माझी वहिनी, असं तिने सांगितलं. "तर त्यांना सांगा, इथे आत यायला परवानगी लागते," असं म्हणून त्याने पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं.

आता बघा. आत आलेली बाई भूत की माणूस, यांना त्याचं काही नाही. ती काय बोलली त्याचंही नाही. परवानगी.

भिवाला शालूने स्वतः विचारलं. त्याने रवळनाथाची शपथ घेऊन सांगितलं, वैनी माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाय. दिवस तोच होता, वेळ तीच होती.

सर्जरीची जागा त्यातल्याच एका साहेबाच्या पुतण्याला गेली. मार्क त्याचे शालूपेक्षा कमी, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक. शालूने वाट बघितली, पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच झालं. शेवटी बाळंतपणाचा विभाग घेतला, इकडे परत आली आणि जन्मभर बाया सोडवल्या. लोक तिला देवी म्हणतात. पण पोट धरून आलेल्या गड्याला तीही हात जोडायची आणि कोल्हापूरचा रस्ता दाखवायची. असा एखादा ट्रक निघाला की रात्री जेवत नसे.

मी मुंबईला कशी गेले, गेले तरी का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळत असेल तर लिहा, वाचीन. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय, ऐकणारा प्रत्येक जण हेच विचारतो — वैनी, तुम्ही तिथे पोचलात कशा? शालूला ती जागा का दिली नाही, असं मला अजून एकानेही विचारलेलं नाही.