भावाआधीचा एक श्वास

अकोल्याच्या कापूस बाजारात भोंग्यावर बातम्या वाचणारी पहिली बाई म्हणजे आमच्या शेजारच्या मैनाबाई. मूळच्या नांदगाव खंडेश्वरच्या, सातवी पास. बाजाराला लागून असलेल्या वाचनालयात त्या वर्तमानपत्रांवर शिक्के मारायच्या. छप्पन साली बातम्या वाचणारे कारकून तापाने पडले. पेपर आलेला, खाली कापसाच्या पन्नास बैलबंड्या उभ्या. बाईंनी माइक ओढला.

"आज मलेच आयकून घ्या, बाप्पा!"

"बाईमाणूस भाव सांगून राह्यली!" म्हणून लोक हसले. आठवड्यात तेच लोक भोंग्याखाली जागा धरू लागले. बाई आधी पेपरातली ओळ जशीच्या तशी वाचत, मग म्हणत, "म्हंजे काय, तं..." आणि दिल्लीचा कायदा चुलीपाशी आणून ठेवत. कापसाच्या भावाआधी मात्र त्या एक श्वास थांबत. भाव ऐकू यावा म्हणून मागच्या बंडीवाल्याला बैलाची घुंगरं मुठीत धरायला तेवढा वेळ लागतो.

अशी आठ वर्षं गेली. मग एके दिवशी वाचनालयाचे चिटणीस बापूसाहेब वकील पोट पुढे काढून, चष्मा कपाळावर चढवून (ही नक्कल मला झोपेतही येते) म्हणाले, "मैनाबाई, नागपूरच्या रेडिओला शेतकऱ्यांच्या बातम्यांसाठी वऱ्हाडातला एक आवाज हवाय. नाव मी कळवायचंय. तुमच्याशिवाय आहे कोण?"

बाईंनी त्या दिवसापासून लोणचं सोडलं. "घसा नीट पायजे वं पोरी. इथं बाजार आयकते, तिथून पुरा वऱ्हाड आयकन."

मी नकलांपायी शाळेत तीनदा बाकावर उभी राहिलेली मुलगी. बाईंची नक्कल माझी सगळ्यांत हुकमी. त्यात भावाआधीचा श्वास मी दोन श्वासांचा केला होता आणि शेवटी जिभेचं एक 'टक्' पदरचं घातलं होतं. लोक नेमके तिथेच हसत. बाईसुद्धा हसल्या होत्या. "मी कवा टक् केलं वं, नकटे?"

बापूसाहेबांच्या सुनेने, शैलावहिनींनी, मला ही नक्कल करायला बोलावलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, "पुन्हा कर. हळू. तो थांबण्याचा भाग." पंधरा दिवस मी रोज गेले. तिसऱ्याच दिवशी त्या बोलून गेल्या, "मामंजींनी माझं नाव कळवलंय. बाईंना सांगू नकोस हं." मी सांगितलं नाही. 'गप बस'शिवाय मला कुणी काही म्हणत नसे. इथे वहिनी 'पुन्हा कर' म्हणत होत्या.

बाई विचारत, "नागपूरचं काई आलं का जी?" बापूसाहेब म्हणत, "सरकारी काम, वेळ लागतो."

एका सोमवारी संध्याकाळी बापूसाहेबांनी वाचनालयातला रेडिओ भोंग्याला जोडला. सगळा बाजार ऐकत होता. "म्हंजे काय, तं..." बंडीवाले ओरडले, "अरे, मैनाबाई रेडिओत गेल्या!" आणि मैनाबाई तर शिक्का हातात घेऊन पायरीवर उभ्या होत्या.

मग भाव आले. दोन श्वास. टक्.

बाईंनी रेडिओकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

बापूसाहेब खाकरले. "सून काय, तुम्ही काय, आवाज आपल्याच वाचनालयाचा!"

"मले सांगतलं असतं, तं मीच शिकोलं असतं तिले," बाई म्हणाल्या. "तिनं चुकीचं तं उचललं नसतं."

दुसऱ्या दिवशी पेपर आला. बाईंनी त्यावर शिक्का मारला, माझ्या हातात दिला आणि माइक माझ्यापुढे सरकवला.

"वाच. माह्या आवाजात नको, शैलाबाईच्या नको. तुह्या आवाजात वाच."

मी तोंड उघडलं. तोंडातून निघाले ते बापूसाहेब. खाली हशा पिकला. पुन्हा उघडलं, तर आमच्या हेडबाई निघाल्या. आणखी हशा.

"भाव सांग ना वं पोरी!" मागून कुणी तरी ओरडलं. बैलांची घुंगरं मुठीत धरून तो थांबला होता. मी वळून पाहिलं. शिक्का टेबलावर ठेवून बाई चपला घालून पायऱ्या उतरत होत्या.