धरून राहिला

कोरा कागद हातात आला की हवालदार आधी त्याची डावी बाजू दुमडायचे, घडीवरून अंगठ्याचं नख सर्रकन ओढायचे आणि कागद उलगडून मांडीवरच्या पुठ्ठ्यावर ठेवायचे. झाला समास. मग पेन झटकून समोरच्याला म्हणायचे, "सांग. पन हळू सांग. बोलनं हवेत जाते, लिवलं कोर्टात जाते."

समोरचा डोकं फुटलेला असो की कुत्रं चावलेला, एकदम शहाण्यासारखा हळू बोलायला लागायचा.

मी तेव्हा अर्जुनी मोरगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. जिल्हा नवा नवा वेगळा झालेला. ठाण्याच्या छापील कागदांवर अजून 'भंडारा' असायचं, ते खोडून हवालदार वर 'गोंदिया' लिहायचे, तेही इतक्या सुबक अक्षरात की खोडलेलंच बरं दिसायचं. ठाण्याचे ते रायटर. मारामारी, अपघात, विषबाधा, काहीही दवाखान्यात आलं की जबाब लिहायला हेच.

तुम्हीही असे रायटर पाहिले असतील. माणूस गावचा असतो, पण पेन गावचं नसतं. हवालदार मूळचे दवनीवाड्याकडचे, माझ्यासारखेच झाडीबोलीत वाढलेले. तोंडाने अस्सल झाडी, आणि पेनातून मात्र 'सदर इसम', 'नमूद ठिकाणी'. गावची कुठलीही म्हातारी त्यांच्या कागदावर आली की 'मी वरील पत्त्यावर राहत असून मोलमजुरी करून उदरनिर्वाह करते' असं घडाघडा बोलायची.

एकदा अशाच एका म्हातारीला त्यांनी जबाब वाचून दाखवला. ती खाटेवरून उठून बसली. "उंदीर कायले लिवला बापू? मले तं कुत्रा चावला."

"उंदीर नाई माय, उदर. उदर म्हंजे पोट."

"पोटाले नाई चावला. पायाले चावला."

आम्ही पोट धरून हसलो. हवालदार हसले नाहीत. त्यांना आपल्या भाषेचा अभिमान होता. मला म्हणाले, "सिस्टर, जसं बोलते तसं लिवलं तं साहेब लोक हसतीन. मी त्यायले नीट कपडे घालून कोर्टात पाठवतो." मारामारीचा जबाब तर त्यांना तोंडपाठ होता. कोणीही कोणालाही मारो, कागदावर एकाने धरून ठेवले आणि दुसऱ्याने मारले, हे ठरलेलं. मी चिडवायचे, "हवालदारसाहेब, तुमच्या हद्दीत एकटा माणूस कोणाला मारतच नाही का हो?"

ते म्हणायचे, "मारते नं. पन वाक्य चांगलं बसते."

त्या वाक्याची चेष्टा मी पुन्हा कधी केली नाही. सांगते.

उन्हाळी धानाचे दिवस होते. इटियाडोहच्या कालव्याचं पाणी पाळीने सुटायचं आणि पाळीवरून रोज कुठंतरी वाजायचं. एका दुपारी बैलगाडीत घालून एक शेतकरी आणला. डोक्यात मागून लोखंडी दांडा बसला होता, कालव्याचं गेट फिरवायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मान हलवली. मरणाऱ्याचा जबाब घ्यायला नायब तहसीलदार लागतात, त्यांना निरोप गेला, पण ते दौऱ्यावर. हवालदार मात्र हजर होते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की रुग्ण शुद्धीवर आहे, बोलू शकतो. हवालदारांनी कागद दुमडला, नख ओढलं.

मी सलाईन धरून उशाशी उभी होते. तो माणूस तुटक तुटक बोलला, पण स्पष्ट बोलला. राईस मिलवाल्याचं नाव घेतलं. "त्यानं मांगून दांडा हानला," म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पाटकरी मले धरून राहिला होता."

पाटकरी म्हणजे कालव्याचं गेट उघडणारा, रोजंदारीचा गडी. मिलवाल्यानेच त्याला कामाला लावलं होतं, त्यामुळे गावात त्याला मिलवाल्याचा माणूस म्हणायचे.

हवालदारांनी लिहिलं. वाचून दाखवलं. 'पाटकरी याने मला धरून ठेवले व मिलवाल्याने दांड्याने मारले.' त्या माणसाचे डोळे मिटत आले होते. अंगठा हवालदारांनीच धरून उमटवला. संध्याकाळच्या आत तो गेला.

मी ऐकलं होतं हो! दोन्ही ऐकलं, बोललेलंही आणि वाचलेलंही. मला काही खटकलं नाही. पोलिसांचं मराठी असंच असतं, म्हणून मी सलाईन काढायला लागले. आजही त्या गोष्टीवरून मला स्वतःचाच संताप येतो.

मेलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाही, म्हणून कोर्ट मरणाऱ्याच्या जबाबाला फार मानतं. आणि ज्यानं मारलं तो आणि मारता यावं म्हणून ज्यानं धरून ठेवलं तो, कायद्याला दोघे सारखेच. दोघांना धरलं. मिलवाला काही महिन्यांत जामिनावर बाहेर आला. पाटकऱ्याला जामीन राहायला कोण येणार? तो भंडाऱ्याच्या जेलात राहिला.

त्याची बायको एक दिवस दवाखान्याच्या पायरीवर हवालदारांची वाट पाहत बसली होती. ते दिसताच उठली. पाया पडली नाही, रडली नाही. "साहेब, माह्या मानसाले काऊन अटकवलं? थो तं पडनाऱ्याले सावरून राहिला होता. त्याच्या कुडत्याले रगत लागलं ते काऊन लागलं? धरून राहिला होता म्हनून लागलं."

हवालदार मला ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लोटलं.

"सिस्टर, त्या दिवशी मयत काय म्हनला होता? त्याच्याच शब्दात सांगा."

मी म्हणाले, "पाटकरी मले धरून राहिला होता."

"अन् मी काय लिवलो?"

"धरून ठेवले," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला कळलं. आपल्याकडे कोणी 'जेवून राहिला' म्हटलं तर तो जेवतो आहे. 'पडून राहिला' म्हटलं तर पडतो आहे. दांडा त्याने आधी सांगितला होता, धरणं नंतर; पडणाऱ्याला कोणी धरत होतं, एवढंच तो मरता मरता सांगत होता. त्याला वाचवणाऱ्याचं नाव सांगत होता! आणि हवालदारांच्या पेनाने सवयीने 'राहिला'चं 'ठेवले' केलं होतं. वाक्य चांगलं बसलं होतं.

ते मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "चार्जशीट गेली आहे. मयताचा एक शब्द तुम्ही बदलला म्हणालात तर बाकीच्या शब्दांवर कोण विश्वास ठेवणार? दुसरा साक्षीदार नाही, दांडा कालव्यात गेला तो गेलाच. मिलवाला हसत घरी जाईल. गप्प बसा."

साहेबांचं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. हवालदार गप्प राहिले तर निर्दोष माणूस जन्मठेपेला जाणार. बोलले तर खुनी सुटणार.

त्या दिवसापासून त्यांची गंमत गेली. जबाब लिहिताना प्रत्येक शब्द दोनदा विचारायचे. पेशंट वैतागायचे. आणि दवाखान्याच्या फाटकाशी एक मोटारसायकल उभी राहायला लागली. हवालदार आले की ती यायची, ते गेले की जायची. एक दिवस मिलवाला स्वतः आत आला. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. हवालदारांपुढे हात जोडले.

"हवालदारसाहब, सुना है कोई शब्द इधर का उधर हो गया है. मैं कुछ नहीं माँगता. बस कोर्ट में सच बोल देना." पुडा टेबलावर ठेवला. जाता जाता वळून म्हणाला, "बेटी कॉलेज में है ना आपकी? गोंदिया में? अच्छा है. पढ़ाना चाहिए."

मोटारसायकलचा आवाज लांब गेल्यावर हवालदार म्हणाले, "सिस्टर, जिंदगीभर लोक मले म्हनत आले, हवालदार, जरा खोटं लिवा. हा पयला मानूस, खरं बोला म्हनून राहिला. अन् मले घाम सुटून राहिला."

पेढे मी उकिरड्यावर फेकले. कुत्र्यांनी खाल्ले.

केस उभी राहायला तीन वर्षं गेली. तेवढी वर्षं पाटकरी आतच होता. साक्षीच्या आदल्या दिवशी मी हवालदारांना विचारलं, "मी येऊ का? मीही ऐकलं आहे." ते म्हणाले, "तुमाले कोनी बलावलं नाई. नका येऊ." मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं. तरी घरी चैन पडेना, म्हणून सुट्टी टाकून रेल्वेने गोंदियाला गेले आणि कोर्टात शेवटच्या बाकावर बसले.

सरकारी वकिलांनी विचारलं, हा जबाब तुम्हीच लिहिला का? "होय." वाचून दाखवला का? "होय." मग मिलवाल्याचे वकील उठले. "यातले सगळे शब्द मयताचेच का?"

हवालदारांनी पिंजऱ्यातल्या पाटकऱ्याकडे पाहिलं. मग पहिल्या बाकावर बसलेल्या मयताच्या बायकोकडे पाहिलं. "एक शब्द माझा आहे, साहेब," ते म्हणाले.

जज्जसाहेब तिकडचे, पश्चिमेकडचे. त्यांना कळेना. "राहिला आणि ठेवले यात असा काय फरक आहे?"

"साहेब, आमच्याकडं कोनी जेवून राहिला, तं तो उपाशी नाई राहिला. जेवत आहे. तसा पाटकरी त्याले धरत होता. पडू नये म्हनून."

कोर्टात दोघेचौघे हसले. वकील हसले नाहीत. "आणखी कोणते शब्द तुमचे?"

"पत्ता माझा. उदरनिर्वाह माझा. नमूद माझं."

"आणि मिलवाल्याने मारले, हे?"

"ते त्याचं! ते त्याच्या तोंडचं आहे, साहेब!" हवालदार इतक्या मोठ्याने ओरडले की शिपायाने पुढं होऊन त्यांना गप्प केलं. "कशावरून?" वकिलांनी शांतपणे विचारलं. हवालदारांपाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशी होतं. मी शेवटच्या बाकावर बसून राहिले.

दोघेही सुटले.

मयताची बायको बाहेर व्हरांड्यात हवालदारांसमोर उभी राहिली. "माह्या मानसाचं शेवटचं बोलनं तुमी मोडलं, भाऊ." एवढंच म्हणाली आणि एसटीकडे चालू लागली. हवालदार विकले गेले, असं गाव कितीतरी दिवस बोलत होतं. खात्याने चौकशी लावली. रायटरचं काम काढून घेतलं. उरलेली नोकरी त्यांनी ठाण्याच्या दारात उभं राहून काढली, आणि मग रिटायर झाले.

रिटायर झाल्यावर दोनेक वर्षांनी त्यांना आमच्याच वॉर्डात आणलं. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. मुलगी नोकरीवरून धावत आली, राहिली, तिलाही किती दिवस राहता येणार? मग रोज सकाळी एक माणूस यायला लागला. तोंड धुवायचा, कूस बदलायचा, पाठीशी बसून त्यांना सावरून चमच्याने पेज पाजायचा. पाटकरी. जेलात केस पार पांढरे झाले होते. मी एकदा म्हणाले, "रोज कायले येतोस बाबा इतक्या लांबून?" तो म्हणाला, "यायनंच अटकवलं नं मले. अन् यायनंच सोडवलं. मंग कोन येईन?"

एका सकाळी तो हवालदारांना असाच मागून धरून बसवत होता, तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. मिलवाला आता पंचायत समितीवर निवडून आला होता. त्याचा वाढदिवस, आणि रुग्णांना फळवाटप. हार, कार्यकर्ते, फोटोवाला. खाटेमागून खाट करत तो इथपर्यंत आला. पाटकऱ्याचा चेहरा उतरला, पण हात सोडता येईना. सोडले असते तर हवालदार पडले असते.

मिलवाला गोड हसला. हवालदारांचा मेलेला उजवा हात उचलला, आखडलेली बोटं एकेक करून उघडली, त्यात केळं ठेवलं आणि बोटं पुन्हा मिटवली. "इनकी सच्चाई की वजह से आज मैं खड़ा हूँ," कार्यकर्त्यांना म्हणाला. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. मी पुढे होऊन ते केळं काढून घेईपर्यंत गर्दी पुढच्या खाटेवर गेली होती. हवालदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. 'फळे स्वीकारताना आनंदित रुग्ण.' पेपर मी लपवायला हवा होता, पण वॉर्डात कोणीतरी तो त्यांच्या खाटेवर टाकलाच. मी गेले तेव्हा हवालदार तो पाहत होते. डाव्या हाताने त्यांनी पेपरची कड दुमडायचा प्रयत्न केला. घडीवर अंगठ्याचं नख ठेवलं. नख पुढे सरकलं नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले.

तो पेपर माझ्याकडे आहे. फोटोत मिलवाला पुढून वाकला आहे आणि पाटकरी मागे आहे, दोन्ही हातांनी हवालदारांना आवळून. माहीत नसलेला कोणीही पाहील तर म्हणेल, एकाने धरून ठेवलं आहे.

मला कोणी विचारलं नाही, तेव्हाही आणि आताही. तरी सांगते. मी तिथंच होते, पाटकरी त्यायले धरून राहिला होता.